अरबाबचा एल्क आणि माझा चातुर्मास

नको नंदू, खरंच नको. चहा दे, दोन कप दे, पण ती कोळंबीची भजी माझ्यासमोरून उचल.

अरे, असे बघू नका सगळे! ताप नाही, पोट बिघडलेलं नाही, डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. मालवणचा परब दुबईत नंदूच्या घरी बसून कोळंबीला नको म्हणतोय म्हणजे जगबुडी जवळ आली असं वाटत असेल तुम्हाला. तर ऐका. या सगळ्याला कारण एक हरीण आहे. अमेरिकेच्या डोंगरातलं. आणि मी ते डोळ्यांनी बघितलेलंसुद्धा नाही.

कुठून सुरू करू? डोकं नुसतं भणभणतंय. ही शुभदा बघा, माझ्याकडे बघत बघत तिसरं भजं खातेय. बायको म्हणतात हिला. खा बाई, खा. पण मध्ये बोलू नकोस, नाहीतर शेवट आधी सांगून टाकशील.

रास अल खैमाचं आमचं टाइल्सचं शोरूम तुम्ही बघितलंय. त्याचे मालक, म्हणजे आमचे अरबाब. साठीच्या पुढचा माणूस, उंचपुरा, अंगातला पांढरा अरबी झगा, म्हणजे कंदुरा, कधी चुरगळलेला नाही. हिंदी बोलतात ती आपल्या वॉचमनकडून शिकलेली, पण बोलतात मनापासून. अरबीत 'प' नाही, त्यामुळे मी त्यांचा 'बरब'. अरबाब आणि बरब. नवीन गिऱ्हाइकांना वाटतं आमचं काहीतरी घरचं नातं आहे.

या अरबाबना एकच नाद. दर सप्टेंबरला अमेरिकेच्या डोंगरात एल्कच्या शिकारीला जायचं. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला चुलता समजा. घोड्याएवढी उंची आणि डोक्यावर शिंगांचं वाळलेलं झाड. तिकडे म्हणे परवाना असतो, सीझन असतो, आणि बरोबर गाईड असतो. तो घोड्यावरून रानात नेतो, तंबू ठोकतो, कुठे लपायचं, वारा कुठला, खोकला आला तर कसा गिळायचा, सगळं सांगतो.

आणि गंमत अशी, की सप्टेंबरात नर एल्क माजावर येतो आणि रानभर ओरडत फिरतो. गाईड एका लांब नळीतून तसाच आवाज काढतो. खऱ्या एल्कला वाटतं दुसरा कोणी आला आपल्या हद्दीत, आणि तो भांडायला समोर येतो.

अरबाबकडे ती नळी आहे. जून उजाडला की शोरूममध्ये प्रॅक्टिस सुरू. आधी गंजलेलं दार करकरतं, मग कुकरची शिट्टी होते आणि शेवटी गाढव. एकदा एक नवरा-बायको बाथरूमच्या टाइल्स निवडत होते. केबिनमधून तो आवाज आला आणि बाईंनी नवऱ्याचा हात धरून थेट पार्किंग गाठलं. ते परत आले नाहीत.

आता माझा सप्टेंबर ऐका. माझा सप्टेंबर म्हणजे गणपती. इथे आल्यापासून मी एकदाही गणपतीला घरी गेलेलो नाही. सुट्टी घ्यायची ती पोरीच्या शाळेला सुट्टी असेल तेव्हा, जुलैत, मुसळधार पावसात. गणपती बघायचा तो मोबाइलवर, आणि आरतीच्या मध्यात नेट गेलं की गोल गोल फिरणारं चाक बघत टाळ्या वाजवायच्या. दर वर्षी त्या दिवसांत माझं तोंड एवढंसं होतं. कामात लक्ष नाही, कोणी बोललं की वसकन अंगावर जातो.

त्यात या वर्षी बाबांचे गुडघे गेले. त्यांना मांडी घालून बसता येईना. आईचा फोन आला. "यंदा पूजेक तू बसाक व्हया. बापाशीक आता जमाचा नाय. कारणां सांगा नको."

मी म्हटलं, येतो. शब्द दिला. जुलैची सुट्टी घेतली नाही, राखून ठेवली. पोरीच्या शाळेचं बघून घेऊ म्हटलं. राहिलं होतं एवढंच, की अरबाबकडे जाऊन सुट्टी मागायची.

एवढंच! पण मला विचारा. मी त्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन किती वेळा परत आलो याला गणती नाही. तोंडावर मागणं आणि तोंडावर नाही म्हणणं, दोन्ही आमच्या खानदानात कोणाला जमलेलं नाही. आमचे आजोबा तर म्हणे नको असलेली म्हैस घेऊन आले होते, विकणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून.

शेवटी एक दिवस देवाचं नाव घेऊन आत शिरलो. अरबाब नळी पुसत बसले होते. मी 'अरबाब, सप्टेंबर में...' एवढं म्हटलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"सप्टेंबर! मैं भी वही बोलने वाला था. बरब, तुम मेरे साथ चलेगा. एल्क. पहाड. घोडा. सब मेरी तरफ से."

झालं असं होतं, की दर वर्षी त्यांच्याबरोबर त्यांचा मेव्हणा जायचा. यंदा त्याचं गुडघ्याचं ऑपरेशन. इकडेही गुडघाच! गाईडकडे दोघांची जागा घेऊन ठेवलेली. आणि तारखा? गणपतीच्या आदल्या आठवड्यात निघायचं आणि विसर्जन होऊन गेल्यावर परत यायचं. अगदी मापून काढल्यासारख्या तारखा.

मी तिथे उभा. पायाखालच्या टाइल्स सरकल्या. या जागी शहाणा माणूस काय म्हणाला असता? 'अरबाब, आभारी आहे, पण मला घरी पूजेला जायचंय.' संपला विषय. पण मला वाटलं, एवढा मोठा माणूस एवढ्या मायेने बोलावतोय, त्याला घरचं कारण सांगितलं तर त्याचा अपमान होईल. वर सुट्टीही जायची. तेव्हा कारण असं पाहिजे, की त्यापुढे अरबाबसुद्धा गप्प बसतील. देवाचं!

मी म्हटलं, माझं व्रत आहे. आमच्यात पावसाळ्याचे चार महिने चातुर्मास असतो. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी. त्या काळात मी जीव मारत नाही, मारताना बघतसुद्धा नाही.

शुभदा, हसू नकोस. आमच्याकडे श्रावणसुद्धा कसा पाळतात हे सगळ्यांना माहीत आहे. रविवारी अंड्याला फळ म्हणणारी माणसं आम्ही.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण खोट्याला जोर लागतो ना, तो माझ्यात कुठून आला देव जाणे. अरबाबनी विचारलं, मटण नाही? म्हटलं, नाही. मासा? नाही. अंडं? छे छे. आणि मग कोणी विचारलेलं नसताना मी म्हटलं, कांदा, लसूण आणि वांगंसुद्धा नाही. माझी आजी सोडायची ते सगळं एका दमात मी स्वतःच्या नावावर जमा केलं.

अरबाब उठून उभे राहिले. छातीवर हात ठेवला. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण यायच्या बेतात होतं. म्हणाले, माफ करना बरब, मालूम नहीं था. मला एकदम गलबलल्यासारखं झालं. पण त्याच वेळी मनात म्हणत होतो, सुटलो! आठ दिवस जाऊ दे, मग हळूच सुट्टीचं काढू.

कसला सुटतोय!

दुसऱ्या दिवशी पॅन्ट्रीत माझ्यासाठी नवीन भांडी. वेगळी. त्यांत कोणी अंडं उकडायचं नाही असा हुकूम. दर शुक्रवारी नमाजानंतर अरबाबच्या घरून सगळ्या स्टाफला जेवण येतं. भाताचा डोंगर, त्यावर अख्खं बकरं, शेजारी हामूर मासा भाजलेला. मी त्या शुक्रवारची सोमवारपासून वाट बघणारा माणूस. त्या शुक्रवारी अरबाबनी स्वतः माझ्यापुढे ताट आणून ठेवलं. काकडी, खजूर, लबनचा, म्हणजे ताकाचा ग्लास आणि वाफवलेला कोबी. त्यांच्या आईने खास करून पाठवलेला. कांदा न घालता, लसूण न घालता, आणि मला वाटतं मीठही न घालता.

सगळे बोटं चाटतायत आणि मी कोबी चावतोय. अरबाब दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघून मान हलवायचे, कौतुकाने. तो कोबी मला गिळवेना आणि थुंकताही येईना.

हे चार महिने, म्हटलं, शोरूममध्ये पाळू आणि घरी हवं ते खाऊ. पण मनाला चैन पडेना. घरी सुरमई तळली तरी खिडक्या बंद करून खायचो. दाराची बेल वाजली की ताट सोफ्याखाली. माझी पोरगी एकदा शांतपणे म्हणाली, "बाबा, डिड यू लाय टू गॉड ऑर टू युअर बॉस?" मी तिला म्हटलं, मराठीत बोल. तिने तेच मराठीत विचारलं, तेव्हा मी सोफ्याखालचं ताट काढायला वाकलो.

आणि मग आला खरा दणका. महिन्याच्या मीटिंगमध्ये अरबाबनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, की मी पहाडात असताना शोरूम, गोडाऊन, तिजोरी, सगळ्याच्या चाव्या बरबकडे. "जो ऊपरवाले से इतना डरता है, उसको चाबी देने में मेरे को क्या डर?"

टाळ्या! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि चाव्यांचा तो जुडगा माझ्या हातात. म्हणजे आता शिकारीला जायचं नाही, पण गणपतीलाही जायचं नाही. रास अल खैमात बसून टाइल्सची राखण करायची. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो असा! शुभदाला सांगितलं तर ती म्हणाली, आता त्या चाव्यांचीच पूजा मांड, आरती मी म्हणते.

आईचे फोन सुरूच. तिकीट काढलंस काय? मी म्हणायचो, बघतोय. भटजींना सांगू काय? सांग. मखर कसला करू? कसलाही कर. फोन ठेवला की मी घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचो. झोप उडाली. वजन मात्र कमी होईना, कारण अरबाब रोज खजूर खाऊ घालायचे.

आता फुजैराचा किस्सा. हा मी कोणाला सांगणार नव्हतो, पण आता लाज राहिली कुठे?

ऑगस्टमध्ये एका हॉटेलच्या कामाची साइट बघायला मी फुजैराला गेलो. गाडी अरबाबच्या ड्रायव्हरची, इब्राहिमभाईंची. इब्राहिमभाई देवगड तालुक्यातले, त्यांचं गाव आमच्या गावापासून हाकेवर. त्यांच्या वडिलांचा आणि माझ्या बाबांचा जुना घरोबा. दुपारी ते नमाजाला मशिदीत गेले. मी एकटा. समोर समुद्र आणि समुद्रासमोर एक छोटं हॉटेल. आतून सुरमई तळल्याचा वास.

माझे पाय आपोआप गेले. खरं सांगतो, मी त्यांना नेलं नाही. दोन तुकड्या मागवल्या. तांबूस, कुरकुरीत, कडेला लिंबू. पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तर दारात अरबाब.

पाठीवर ही मोठी सॅक, पायात डोंगरातले बूट, घामाने निथळलेले. एल्कसाठी दम वाढवायला म्हणून ते त्या बाजूच्या डोंगरातून चालून आले होते आणि चहा प्यायला नेमके याच हॉटेलात शिरले. माझ्या तोंडात सुरमई. चावता येईना, बोलता येईना. मी तसाच उठून उभा राहिलो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ताटाकडे बघितलं. मला वाटलं, खलास. नोकरी, व्हिसा, इज्जत, सगळं या दोन तुकड्यांत गेलं.

आणि अरबाब वेटरवर भडकले. "ये क्या दिया इसको? ये आदमी मच्छी नहीं खाता! इसका रोजा है, चार महीना!"

तो बिचारा वेटर केरळचा. त्यानेच मला 'मोठी तुकडी देऊ का' विचारलेलं आणि मीच 'शेपटीकडची नको' असं सांगितलेलं. तो माझ्याकडे बघतोय. मी छताकडे. अरबाबनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणाले, गलती से मुंह में गया, ऊपरवाला माफ करेगा, थूक दो. टिश्यू पुढे केला. मी तो अर्धा चावलेला घास टिश्यूत काढला. आयुष्यात एवढं दुःख कधी झालं नाही.

मग त्यांनी माझ्यासाठी बिनकांद्याची डाळ मागवली आणि मी ती संपवेपर्यंत समोर बसून राहिले. जाताना मी वेटरकडे परत गेलो आणि त्याची माफी मागितली. त्याने मान डोलावून टेबल पुसायला घेतलं. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःची शिसारी आली. अरबाब मला पकडू शकत नव्हते, कारण देवाच्या नावाने कोणी खोटं बोलेल हे त्यांच्या स्वप्नातही येत नव्हतं. त्या दिवसापासून मी घरीही मासा खाल्लेला नाही. घशाखालीच उतरेना. आणि इब्राहिमभाई? अरबाब आमच्याच गाडीतून परतले आणि वाटेत त्यांना सगळं सांगितलं. इब्राहिमभाई आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "परबानू, तुमी तर साधूच झालास." मी खिडकीबाहेर बघत बसलो.

गणपती जवळ आले तसा मी नुसता जळत होतो. शेवटी अरबाब म्हणाले, शिकार नको, पण एक दिवस पहाडावर तर चल, तुझी तब्येत बरी दिसत नाही. जबल जैसवर पहाटे घेऊन गेले. दम वाढवायचा म्हणून सॅकमध्ये वजन लागतं, तर आमच्या सॅकमध्ये वजन कसलं? सॅम्पल टाइल्स! बंद झालेल्या डिझाइनच्या. आयुष्यभर विकल्या त्या टाइल्स पाठीवर घेऊन मी तो डोंगर चढलो.

वर गार वारा होता. अरबाबनी अमेरिकेतल्या त्यांच्या गाईडला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ. टोपी घातलेला, लाल मिशांचा माणूस, मागे घोडा. अरबाबनी नळी वाजवून दाखवली. गाईडने अंगठा दाखवला. मग अरबाब म्हणाले, बरब, तुम भी.

मी नळी तोंडाला लावली. खरं सांगू, मला एल्कबिल्क काही सुचलं नाही. डोळ्यांपुढे आमचं माजघर आलं, रिकामा पाट आला, खुर्चीत बसलेले बाबा आले. मी जोरात फुंकलं. जो आवाज निघाला तो सगळ्या दरीत घुमला आणि परत आला.

तिकडे गाईडच्या घोड्याने मान वर केली. गाईड कॅमेऱ्याजवळ सरकला. मग त्याने अरबाबना हळूच सांगितलं, की हा आवाज भांडायला बोलावणाऱ्या नराचा नाही. कळपातून चुकलेलं जनावर असं ओरडतं. तुमच्या मित्राला घरी पाठवा.

अरबाबनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बरब, क्या बात है?"

आणि माझा बांध फुटला. बाबांचे गुडघे, आईला दिलेला शब्द, पूजा, मोबाइलवरच्या आरत्या, सगळं सांगून टाकलं. टाइल्स पाठीवर तशाच. अरबाब ऐकत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला त्या डोंगरावरून उडी मारावीशी वाटली. म्हणाले, मैं हर साल देखता था, सप्टेंबर में तुम्हारा मुंह ऐसा लटका हुआ. मेरे को लगा, इसको गर्मी चढ़ गया. इसलिए सोचा, ठंडे पहाड में ले जाता हूं, ठीक हो जाएगा.

म्हणजे ते शिकारीचं आमंत्रण माझ्याच थोबाडाकडे बघून आलं होतं! म्हणाले, छुट्टी मांगता, तो उसी दिन देता. चाव्या त्याच संध्याकाळी अकाउंटंटकडे गेल्या.

व्रताचंही सांगणार होतो. खरंच सांगणार होतो, शब्द ओठावर होते. पण तेवढ्यात ते म्हणाले, "तुम्हारे रोजे का असर है, ऊपरवाले ने सुन लिया." आता यावर काय बोलता? मी गप्प बसलो. नेहमीसारखा.

गेलो घरी. पाटावर बसलो. बाबा शेजारी खुर्चीत, माझी प्रत्येक चूक सांगत होते. दूर्वा उलट्या, पळी डाव्या हातात. पाय मुंग्यांनी सुन्न झाले, पण मूर्तीच्या डोळ्यांकडे बघितलं आणि सगळं विसरलो. मला रडू आलं. शुभदाने बघितलंय, विचारा.

मग गाऱ्हाणं. आमच्याकडे पूजेनंतर घरातलं वडीलधारं माणूस देवाला सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतं आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सगळी वाडी जमलेली. बाबांनी हात जोडले. आधी गावाचं झालं, गुराढोरांचं झालं. मग बाबांचा आवाज भरून आला.

"आणि ह्यो आमचो झील, परमुलखात ऱ्हवान चार म्हयने मासो-मटान, कांदो-लसूण सोडून तुझा व्रत पाळता, तेच्या व्रतात खंड पडाक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली.

हे बाबांना कोणी सांगितलं? इब्राहिमभाई! त्यांनी फुजैराहून परतल्यावर त्याच दिवशी बाबांना फोन करून अभिनंदन केलं होतं. आईने ते वाडीला सांगितलं, वाडीने गावाला. आणि आता थेट गणपतीला. सगळे माझ्याकडे बघत होते. काय करणार? मीही म्हटलं, व्हय म्हाराजा.

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी घरात बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई, कोळंबी. वर्षातला सगळ्यात सुंदर वास. माझ्या पानात काळ्या वाटाण्याची उसळ. तीही बिनकांद्याची. मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं खरं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एका दमात, काही न लपवता. म्हटलं, ते खोटं होतं गे, एक तुकडी वाढ.

आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुझा खोटा असात. पण देवासमोर व्हय म्हाराजा म्हटलंस, ता खरा. आता कार्तिकीपर्यंत पाळूक व्हया." आणि झाकण ठेवलं.

तरी मी म्हटलं, ठीक आहे. आईपुढे इलाज नाही. पण इथे परत आलो की बघू. माणूस आशेवर जगतो ना?

परत आलो. अरबाबही परत आले होते, उन्हाने काळे पडलेले, दाढी वाढलेली. मी विचारलं, शिंगं कुठायत? दर वर्षी शोरूमच्या भिंतीवर नवीन फोटो लागतो. या वर्षी भिंत रिकामी.

अरबाबनी मला समोर बसवलं. गहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, ओतला. म्हणाले, शेवटच्या दिवशी एल्क आला. असा एल्क त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता. समोर उभा, वारा बरोबर, बंदूक खांद्याला. गाईड कानात सांगतोय, आता, आता.

"और मेरे को बरब याद आया. मैंने सोचा, मेरा आदमी चार महीना एक मच्छी का जान नहीं लेता. मैं छोड़ दिया. वो चला गया."

 त्या एका क्षणासाठी माणूस वर्षभर नळी फुंकत होता, टाइल्स वाहत होता, डोंगर चढत होता. आणि तो सोडला कशासाठी? फुजैरातल्या त्या सुरमईसाठी, जी मी टिश्यूत थुंकली होती!

अरबाब माझा हात हातात घेऊन म्हणाले, खूप शांत वाटलं त्यांना. गाईडनेही टोपी काढली म्हणे. मग त्यांनी अगदी लहान मुलासारखं विचारलं, "बरब, ये रोजा तुम हर साल रखता है?"

आता नंदू, तूच सांग. हे बोलायची वेळ होती की नाही? दार उघडं होतं, एक शब्द पुरे होता. तुला 'भजी नको' असं म्हणता येतं, आईला खरं सांगता येतं, पण समोर बसलेल्या त्या माणसाच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं? मी घसा साफ केला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो,

"हर साल, अरबाब."

उचल ती भजी.